कौशल्याचा सदका आणि गरजवंताची अब्रू

सदका म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम पैसा येतो. परंतु बुखारी व मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत ह. अबूजर (रजि.) यांचे एक कथन आहे. त्यांच्या प्रश्नांना उत्तर देताना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सत्कर्मांच्या पायऱ्या सांगितल्या. वरच्या पायऱ्या शक्य नसतील तर कारागिराला त्याच्या कामात साहाय्य करावे, किंवा ज्याला एखादे काम जमत नाही त्याच्यासाठी ते करून द्यावे. तेही शक्य नसेल तर निदान आपल्यापासून लोकांना इजा पोहोचू देऊ नये, कारण हाही सदकाच आहे.

या मार्गदर्शनात हुनर हे दान ठरते. बीड जिल्ह्यात त्याला मोठा वाव आहे. अंबाजोगाईची ‘मानवलोक’ 1982 पासून ग्रामीण भागात कार्य करीत आहे. शिरूर कासार तालुक्यातील आर्वी येथील ‘शांतिवन’ ऊसतोड कामगारांच्या व निराधार मुलांना आधार देते. पाली येथील ‘इन्फंट इंडिया’ एचआयव्हीबाधित मुलांचा सांभाळ करते. अशा कार्याला माहितीपत्रके, भित्तिपत्रके, अहवाल यांची गरज भासते. आपला मुलगा किंवा मुलगी पुण्या-मुंबईत डिझाइनचे शिक्षण घेत असेल, तर सुट्टीतील पंधरा दिवस त्यांनी अशा कामाला विनामोबदला द्यावेत, हा उत्तम सदका होय.

पण वाचकहो, येथेच एक कठीण प्रश्न उभा राहतो. 2019 साली राज्य शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत जिल्ह्यातील 82 हजारांवर ऊसतोड महिलांपैकी 13 हजारांहून अधिक महिलांची गर्भाशये शस्त्रक्रियेने काढण्यात आल्याचे आढळले. समजा, या भगिनींसाठी निधी गोळा करणारे भित्तिपत्रक तुमच्या मुलीकडे आले. त्यावर कोणाचा चेहरा असावा? अश्रूंनी भरलेले डोळे छापले तर देणाऱ्यांचे हात लवकर खिशाकडे जातील, हे तिला वर्गातच शिकविले गेले असेल. मग तसा चेहरा छापणे योग्य ठरेल काय?

सूरह अल-बकराच्या 264 व्या आयतीत इशारा आहे की, उपकार बोलून दाखविल्याने आणि घेणाऱ्याला क्लेश दिल्याने दान निष्फळ होते. अशा दानाची उपमा खडकावरील मातीच्या पातळ थराशी दिली आहे. एक जोराचा पाऊस आला की खडक उघडा पडतो. बालाघाटच्या डोंगरावर शेती करणाऱ्यांना ही उपमा समजावून सांगण्याची गरज नाही. पुढे 273 व्या आयतीत अशा गरजवंतांचा उल्लेख आहे, जे स्वाभिमानामुळे लोकांच्या मागे लागून मागत नाहीत, आणि म्हणून अजाण माणूस त्यांना सधन समजतो. ज्या स्वाभिमानाची दखल कुरआन घेतो, तोच आपण भित्तिपत्रकावर उघडा करावा काय?

कोणी म्हणेल, तिची संमती घेतली आहे. परंतु जिला मदतीची निकड आहे, तिला नकार देणे कितपत शक्य असते? आणि लहान मुलाची संमती ती कसली? मूल मोठे होते, चित्र मात्र तसेच राहते. बाल न्याय अधिनियम 2015 चे कलम 74 काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकांची ओळख उघड करण्यास मनाई करते. श्रद्धावंताने कायद्याच्याही एक पाऊल पुढे असावे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दुःख दाखविलेच नाही तर मदत कशी मिळेल? याचे उत्तर सहीह मुस्लिममधील एका प्रसंगात सापडते. मुदर कबिल्याचे अनवाणी, फाटक्या घोंगड्या पांघरलेले लोक मदीनेत आले. त्यांची दशा पाहून प्रेषितांच्या चेहऱ्याचा रंग बदलला. त्यांनी लोकांना जमविले आणि सर्व मानव एकाच जीवापासून निर्माण झाल्याचे व प्रत्येकाने उद्यासाठी काय पुढे पाठविले याचा हिशेब असल्याचे स्मरण करून दिले. पाहता पाहता धान्य व कपड्यांचे दोन ढीग जमले. गरज लपविली गेली नव्हती; पण आवाहन होते ते देणाऱ्याच्या नात्याला आणि जबाबदारीला. कोणाच्या दैन्याचे प्रदर्शन मांडून ते केले गेले नव्हते.

विद्यार्थ्यासाठी यात स्पष्ट दिशा आहे. चेहऱ्याऐवजी कोयता धरलेले हात दाखविता येतील. अक्षरओळख नसलेल्या भगिनीसाठी चित्रांतून सांगता येईल की, शस्त्रक्रियेपूर्वी दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि आपली कागदपत्रे जपून ठेवावीत. असे पत्रक तिच्यावर दया करीत नाही, तिच्या हाती बळ देते. काम फुकटचे आहे म्हणून त्यात हयगयही नसावी. तसेच संस्थांनी फुकट श्रम हा आपला हक्क समजू नये. जकात गोळा करणाऱ्यांनाही सूरह अत-तौबाच्या 60 व्या आयतीने जकातीतूनच वाटा दिला आहे.

ह. अबूजर (रजि.) यांना सांगितलेल्या शेवटच्या दोन पायऱ्या अशा रीतीने एकत्र येतात: आपला हुनर द्यावा, आणि देताना कोणाला इजा होऊ देऊ नये. पहिली साधली आणि दुसरी सुटली तर खडकावरची माती वाहून गेलीच म्हणून समजा. पालकांनो, मुलांच्या कामाचे कौतुक करण्यापूर्वी त्यांना एवढेच विचारा: हे चित्र तुझ्या आईचे असते, तर तू छापले असतेस काय? अल्लाह आपल्या मुलांच्या हातांत कौशल्याबरोबर हयाही देवो. आमीन.