वीतभर जिताडा

पावसाळा ओसरला की अर्नाळ्यापासून भुईगावपर्यंतच्या किनाऱ्यावर रात्री गळ टाकणारे दिसू लागतात. आपल्या धर्मग्रामातले आम्ही चार-पाच जणही त्यांत असतो. कोळी बांधवांचे पोट दर्यावर असते. आमची ही नुसती हौस. भरती चढताना लाटा वाळू उकरतात, वाळूतले किडे आणि लहान चिंबोऱ्या उघड्या पडतात आणि अंधारात मासा थेट किनाऱ्याजवळ चरायला येतो. फुटणाऱ्या लाटेपलीकडे शिसे लावलेला गळ भिरकावायचा, तंगूस बोटावर धरायचा आणि गप्प उभे राहायचे. बॅटरी पाण्यावर मारायची नाही, मासा बिचकतो.

मागे एकदा अशाच रात्री चार तास उभे राहूनही काही मिळाले नाही. निघता निघता एक जिताडा लागला, तोही वीतभर. सोडावा असे एक-दोघांना वाटले, पण कोणीतरी म्हणाले, “रिकाम्या हाताने घरी काय जायचे?” आम्ही तो ठेवला. आमच्यापैकी एकाचा दहा वर्षांचा मुलगा बॅटरी धरून उभा होता. त्याने विचारले, “काका, हा केवढा झाला असता?” आम्ही हसून विषय बदलला. दुसऱ्या दिवशी मासा तळला, प्रत्येकाच्या वाट्याला दोन घास आले. प्रश्न मात्र तसाच राहिला.

आमचे चुकले का? आपापसात बोललो तेव्हा सबबी भराभर निघाल्या. पहिली अशी की बारीक आसाच्या जाळ्यांनी मोठ्या बोटी टनांनी पिल्ले उपसतात, तिथे आमच्या एका माशाने काय होणार? दुसरी अशी की 2023 साली महाराष्ट्र शासनाने 54 जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला, पण रात्री किनाऱ्यावर मोजपट्टी घेऊन कोण येतो? आणि तिसरी, देवाने समुद्रातले मासे माणसाच्या हाती दिलेच आहेत की!

तिसऱ्या सबबीचे उत्तर पवित्र शास्त्रातच आहे. अनुवादाच्या 22व्या अध्यायात एक लहानशी आज्ञा आहे. वाटेत पक्ष्याचे घरटे दिसले आणि आई पिलांवर किंवा अंड्यांवर बसलेली असली, तर पिले घ्यावीत, पण आईला सोडून द्यावे. म्हणजे घ्यायला मनाई नाही, सगळेच घ्यायला मनाई आहे. पुढच्या वर्षाचे घरटे राखायचे आहे. नवल म्हणजे ही आज्ञा पाळणाऱ्याला कल्याणाचे आणि दीर्घायुष्याचे जे वचन दिले आहे, तेच आईबापांचा मान राखणाऱ्यालाही दिले आहे. रानातल्या एका पाखरासाठी एवढे मोठे वचन!

आता जिताड्याचे पाहा. हा मासा आधी नर असतो आणि काही वर्षांनी, चांगला मोठा झाल्यावर, मादी होतो. चार फुटांची अंड्यांनी भरलेली प्रत्येक मादी कधीतरी आमच्या त्या वीतभर पिल्लाएवढीच होती. आम्ही पिल्लू घेतले, आणि त्याच्याबरोबर होऊ घातलेली आईही घेतली.

मोठ्या बोटींची सबब अधिक अवघड, कारण ती निम्मी खरी आहे. मोठा अन्याय मोठाच असतो आणि त्याविरुद्ध बोललेच पाहिजे. पण दुसऱ्याच्या मोठ्या चुकीने आपली लहान चूक पुसली जात नाही. बाजारात लहान मासळी विकणाऱ्या कोळणीकडेही आम्ही बोट दाखवू नये. तिच्या घरची चूल त्यावर पेटते. आमची चूल त्या जिताड्यावाचून अडली नव्हती. ज्याला गरज नाही, त्याच्यावर जबाबदारी जास्त. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2015 सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात रोजच्या लहान कृतींबद्दल लिहिले आहे. अशा प्रयत्नांनी जग बदलणार नाही असे समजू नका, त्यांतले चांगुलपण आपल्या नजरेआड पसरत जाते, असा त्यांचा आशय आहे.

राहिली अंधाराची सबब. कोणी पाहत नाही म्हणून चालते, असे म्हणताना आम्ही स्वतःलाच विसरलो होतो. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने 1965 साली शिकवले की सद्सद्विवेकबुद्धी हे माणसाचे अंतरीचे मंदिर आहे. तिथे तो देवाबरोबर एकटा असतो. रात्रीचा किनारा त्या मंदिरासारखाच आहे. आणि खरे सांगायचे तर त्या रात्री कोणीतरी पाहत होतेच. बॅटरी त्याच्याच हातात होती.

एका माशासाठी कोणी देवाला पारखा होत नाही, हे आम्ही जाणतो. पण लहान गोष्टीत आपण कोणाचे ऐकतो, त्यानेच मोठ्या गोष्टींची सवय लागते. म्हणून आता आम्ही काठीवर हातभर अंतरावर खूण केली आहे. खुणेपेक्षा लहान जिताडा लागला तर हात ओले करून त्याला धरायचे, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तो जगत नाही. गळ खोल गेला असेल तर ओढायचा नाही, तंगूस कापायचा. मग लाटेत सोडायचे. सोडण्याचे काम त्या मुलाकडे आहे.

अजूनही पुष्कळ वेळा आम्ही रिकामी बादली घेऊन घरी येतो. तिबिर्याच्या किनाऱ्यावर शिष्यांचीही रात्र तशीच गेली होती. पहाटे काठावर उभ्या असलेल्या प्रभूने खायला काही आहे का असे विचारले, तेव्हा त्यांनी सरळ ‘नाही’ म्हणून सांगितले. त्या उत्तराची त्यांना लाज वाटली नाही. आपल्यालाही वाटू नये.