खेळण्यांची पेटी



आगमनकाळ आला की घरोघरी साफसफाई सुरू होते. माळ्यावरून चाके निखळलेल्या मोटारी निघतात, हात तुटलेल्या बाहुल्या निघतात. तरी मुलांची तक्रार असतेच, "मम्मी, खेळायला काहीच नाही!"

अमेरिकेतील टोलेडो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. दीड ते अडीच वर्षांच्या ३६ बालकांपुढे एकदा १६ आणि एकदा ४ खेळणी ठेवली. चारच असताना बालके एकेका खेळण्यात अधिक वेळ आणि अधिक प्रकारे रमली. वस्तू वाढल्या की मन भरत नाही, ते विखुरते. कोठारे मोडून मोठी बांधू पाहणाऱ्या धनवानाचा दाखला प्रभूने सांगितला (लूक १२), तो आपल्यासाठीच.

त्या दाखल्यावर चौथ्या शतकात संत बाझील ह्यांनी प्रवचन केले. पेटीत पडून राहिलेले वस्त्र उघड्या माणसाचे आहे, असे त्यांनी बजावले. मग पडून राहिलेले खेळणे कोणाचे?

मात्र मोडके देऊ नका; ते दान नव्हे, भंगार. मुलाला न विचारताही देऊ नका. हिसकावून घेतल्याने त्याग शिकता येत नाही. त्याच्याजवळ बसा, त्यालाच निवडू द्या. आणि आधी आपले कपाट उघडा. मी माझे उघडले, तेव्हा वर्षानुवर्षे न उघडलेली पुस्तके पाहून खजील झालो. उपदेश सोपा असतो!

बेथलेहेमच्या उतारशाळेत बाळ येशूला जागा नव्हती. आपल्या घरात ती असो.

– आपला धर्मगुरू