सौम्य माणूस जाब विचारतो

कोल्हापूरचा माणूस आणि सौम्यता ही जोडी अनेकांना विजोड वाटेल. इथं मायाही चढ्या आवाजात केली जाते. त्यामुळे रविवारच्या उपासनेत डोंगरावरच्या प्रवचनाचा पाठ आला, आणि सौम्यांना पृथ्वीचं वतन मिळेल हे अभिवचन वाचलं गेलं, की ते आपल्यासाठी नाही असं आमच्या मंडळीतल्या पुष्कळांना वाटतं. मला मात्र हे वचन कळायला कोल्हापूरच बरं वाटतं.

तालमीत थोरला पैलवान नव्या पोराला लढतीला घेतो तेव्हा पाहावं. तो पोराला पटात शिरू देतो, थोडं रेटू देतो, मग पाय कुठं चुकला ते तिथंच दाखवतो. मनात आणलं तर एका झटक्यात आस्मान दाखवील. पण पोरगा घडायला हवा म्हणून तो हात राखतो. अंगात ताकदच नसलेल्यानं काय राखायचं? येशूची सौम्यता या जातीची आहे. दुबळेपणाला, भिडस्तपणाला किंवा नुसत्या गोड बोलण्याला ते नाव देऊन आपण फार नुकसान केलंय.

स्वतःला सौम्य आणि लीन म्हणवणाऱ्या येशूनंच मंदिरातल्या सराफांचे चौरंग उलथले. पण मला त्याहून मोठा वाटतो तो अटकेनंतरचा, याजक हन्नाच्या वाड्यातला प्रसंग. हात बांधलेले, आणि शेजारचा शिपाई तोंडात मारतो. येशू उलट मारत नाही, शाप देत नाही, पण गिळूनही टाकत नाही. माझं काही चुकलं असेल तर दाखव, बरोबर असेल तर का मारतोस, असं तो सरळ विचारतो. दुसरा गाल पुढं करायला सांगणाऱ्याच्याच तोंडचा हा प्रश्न आहे. आपल्या प्रवचनांत गाल वारंवार येतो, हा प्रश्न क्वचित.

मोशेची सौम्यताही अशीच. कूशी बायको केली म्हणून सख्खी बहीण मिर्याम आणि भाऊ त्याच्याविरुद्ध बोलू लागले, तेव्हा तो स्वतःच्या बचावाला एक शब्द बोलला नाही. उलट मिर्यामेला कोड फुटल्यावर तिच्यासाठी देवाजवळ रडला. मात्र फारोपुढं, लोकांच्या सुटकेसाठी, तो एक पाऊल मागं हटला नाही. स्वतःचा हिशेब सोडायचा आणि दुसऱ्याचा हक्क सोडायचा नाही, हे एकाच माणसाला जमतं.

आमच्याकडे कोल्हापूरला 1852 मध्ये मिशनरी रॉयल वायल्डर आले. वायल्डर मेमोरियल चर्च हे नाव त्यांचंच. शाळा चालवाव्यात की नाही, यावरून त्यांचं आपल्याच मिशन बोर्डाशी बिनसलं. बोर्डाचा आधार सुटल्यावरही ते कोल्हापूरला परतले आणि बरीच वर्षं स्वतःच्या हिकमतीवर काम करत राहिले. 1870 मध्ये हे काम प्रेस्बिटेरियन बोर्डाकडं गेलं. पुढं अमेरिकेत 1878 साली त्यांनी ‘मिशनरी रिव्ह्यू’ काढून मिशन बोर्डांच्या कारभारावर कडक टीका केली. त्यांना सौम्य म्हणावं का? शाळांसाठीचा हट्ट मला सौम्यतेत बसणारा वाटतो. लेखणीबद्दल तशी खात्री वाटत नाही. भांडण कामासाठी सुरू होतं आणि कधी मानासाठी चालू राहतं, ते भांडणाऱ्याच्या ध्यानातच येत नाही.

पंडिता रमाबाईंबद्दल मात्र मला शंका नाही. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि लगेच आज्ञाधारकपणाचे धडे सुरू झाले. चेल्टनहॅमला त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असं चर्चच्या वरिष्ठांचं मत पडलं. ज्यांना त्या प्रेमानं ‘आजीबाई’ म्हणत, त्या सिस्टर जेराल्डीनशी रमाबाईंनी पत्रांतून निकरानं वाद घातला: आपली सदसद्विवेकबुद्धी त्या कुणाच्या हवाली करणार नव्हत्या. ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांकडून मिळवलेली ही बाई. पुढं केडगावला बसून हिब्रू-ग्रीक शिकली, आणि बायबलचं भाषांतर केलं ते साध्यासुध्या बायकांना समजेल अशा मराठीत. तिथल्या त्यांच्या मुक्तिसदनातल्या मुलीबायकांनीच त्याचे खिळे जुळवले. 1922 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या याच कामात होत्या. बिशपांपुढं न वाकलेली विद्वत्ता निरक्षर बाईसाठी खाली बसली.

आपण नेमकं उलटं करतो. मार खाऊन माहेरी आलेल्या लेकीला ‘सौम्य राहा, सोसून घे’ म्हणतो. तिच्या नवऱ्याला, मंडळीच्या पंचांना, संस्थाचालकांना तो उपदेश कुणी करत नाही. हात राखायचा तो ज्याचा हात चालतो त्यानं. हे मी कळकळीनं लिहितोय, कारण सोसण्याच्या या शिकवणीनं आपली कितीतरी माणसं मुकी केली.

हे मुकेपण हक्कांच्या बाबतीतही दिसतं. 1950 च्या राष्ट्रपती आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा मुख्यतः हिंदूंनाच दिला. 1956 मध्ये शीख, 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, दलित ख्रिस्ती बाहेरच राहिले. हक्क मागणं ख्रिस्ती माणसाला शोभतं का, असं काही भाविक विचारतात. फिलिप्पैच्या तुरुंगातून गुपचूप निघून जा असा निरोप आला, तेव्हा पौल हलला नाही. आम्ही रोमी नागरिक, चौकशीविना आम्हाला चारचौघांत फटके मारलेत, आता अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन सोडावं, असं त्यानं बजावलं. अधिकारी आले. ज्या तुरुंगाधिकाऱ्यानं त्याचे पाय खोड्यात अडकवले होते, त्याचा जीव मात्र पौलानं आदल्याच रात्री वाचवला होता.