दान बाईचे, निर्णय कोणाचा?

१५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी उत्पन्नाचा विसावा भाग धम्मकार्यासाठी द्यावा, असे सांगितले. आमच्या फुलसावंगीसारख्या गावात त्या विसाव्या भागात निंदणी-वेचणी करणाऱ्या बाईची मजुरीही असते. परंतु पावती पुष्कळदा नवऱ्याच्या नावे फाटते. आणि पैसा मंडपावर खर्चावा की मुलींच्या वह्यापुस्तकांवर, हे तिला कोणी विचारीत नाही.

काहीजण म्हणतात, दान दिल्यावर पुढचे विचारू नये. हे धम्माला धरून आहे काय? ‘महावग्गा’तील विशाखेने बुद्धाकडे आठ वर मागितले, तेही दान देण्याचेच. तथागतांनी लगेच होकार दिला नाही. यात तुला कोणते हित दिसते, असे विचारले. विशाखेजवळ प्रत्येकाचे कारण होते. नव्याने आलेल्या भिक्खूला गावच्या वाटा ठाऊक नसतात, म्हणून त्याला भोजन. आजाऱ्याची शुश्रूषा करणारा भिक्षेत अडकला तर आजाऱ्याच्या जेवणाची वेळ टळते, म्हणून शुश्रूषा करणाऱ्यालाही भोजन. नदीवर नग्न स्नान करावे लागल्याने भिक्खुणींची टवाळी होते, म्हणून त्यांना स्नानवस्त्र.

तिने आधी गरज पाहिली, मग दान ठरविले. गरज जवळून पाहणारी बाई आपल्या वस्तीतही आहे.

१९५६ चा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्याने स्त्रीला तिच्या मालमत्तेची पूर्ण मालकीण मानले. मग विहाराच्या वहीने का मानू नये? बंधूंनो, पावती तिच्या नावे फाडा, हिशेब तिच्यासमोर वाचा आणि खर्च ठरविण्यापूर्वी तिचे मत घ्या.