थांबण्याची ऐपत

बांगलादेशात ब्रह्मपुत्रेच्याच खालच्या प्रवाहाला यमुना म्हणतात. गाळ टाकत ती पात्रात बेटं घडवते आणि काही वर्षांनी गिळूनही टाकते. या बेटांना तिकडे ‘चर’ म्हणतात. घरं पत्र्याची, उकलून नावेवर लादता येतील अशी.

2004 ते 2016 या काळात इथे ब्रिटनच्या, पुढे ऑस्ट्रेलियाच्याही पैशातून उपजीविकेचा मोठा कार्यक्रम चालला. कुटुंबातल्या बाईनं आपल्या पसंतीचं उत्पन्नाचं साधन घ्यायचं, सोबत दीड वर्ष थोडा भत्ता आणि प्रशिक्षण. बहुतेकींनी गुरं घेतली. नदी जमीन नेते, जनावर नावेत चढतं. हा हिशेब त्यांना कोणत्याही वर्गात शिकवावा लागला नाही.

याच कार्यक्रमात मातीची भर घालून घराची जागा तोवरच्या सर्वोच्च पूरपातळीहून उंच करून दिली जाई. पूरसंरक्षण म्हणून. मला त्यात बाजारभावाची गोष्ट दिसते. पाणी चढलं की सगळेच एकदम जनावरं विकायला काढतात आणि व्यापाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं. (त्याला शिव्या देऊन आपण मोकळे होऊ नये, नदी ओलांडून येण्याचा खर्च आणि धोका त्याचाही असतो.) पण खोंड कोरड्या उंचवट्यावर बांधलेला असेल, तर बाई ‘आज नाही’ म्हणू शकते. बकरी ईद जवळ आल्यावर त्याच खोंडाचे पैसे वाढून येतात. कांदा साठवायला चाळ असलेला आणि नसलेला शेतकरी यांतला फरक नाशिककडच्या वाचकाला समजावून सांगायला नको.

म्हणून ‘गरिबांना बाजाराशी जोडा’ असं कुणी म्हटलं की मी जरा सावध होतो. चर बाजारापासून तुटलेला कधीच नव्हता. बोगुरा जिल्ह्यात सारियाकांदीच्या चरांवरची मिरची वाळूवर वाळते आणि दूरवर जाते. पण आधी ‘दादन’ म्हणजे उचल घेतलेली असेल, तर माल त्याच सावकार-व्यापाऱ्याला, तो म्हणेल त्या दरानं. जोडणी घट्टच आहे, गळ्याभोवती. स्विस मदतीच्या एका कार्यक्रमानं मका, मिरची, ताग अशा पिकांसाठी बियाणं, कर्ज आणि खरेदीदार यांवर काम केलं, ते योग्यच होतं. मात्र बियाणं-औषधांच्या कंपन्याही त्याच वाटेनं चरावर येतात, नव्या उधारीसकट.

आणि गाय बाईच्या नावे असली, तरी हाट नदीपार भरतो. तिथे सौदा करायला बहुधा नवराच जातो.