क्यूब कधीच फेल होत नाहीत

इंजिनिअरिंगला माझा रूममेट सिव्हिलचा होता. मी कोडिंगकडे वळलो, तो साइटवर गेला. सध्या तो एका कंत्राटदाराकडे क्वालिटीचं काम बघतो. कामं सगळी सरकारी: गावाकडचे रस्ते, मोऱ्या, छोटे पूल. मागच्या दिवाळीत भेटला तेव्हा म्हणाला, "आमचे क्यूब कधीच फेल होत नाहीत." मला वाटलं, फुशारकी मारतोय. मग हळूच म्हणाला, "क्यूबचा माल वेगळा कालवतात."

क्यूब म्हणजे १५० मिलिमीटर बाजूचा काँक्रीटचा ठोकळा. स्लॅबमध्ये पडणाऱ्या मालातूनच तो भरायचा, २८ दिवस पाण्यात ठेवायचा आणि यंत्रात दाबून फोडायचा. किती भाराला फुटला, त्यावरून काँक्रीटची ताकद कळते. मित्राच्या साइटवर ठोकळ्यात सिमेंट जास्त पडतं. यंत्र खरं, आकडा खरा, खालची सहीही खरी. फक्त तो ठोकळा त्या पुलाचा नसतो.

मला हसू आलं नाही, कारण मीही हे केलंय. रिलीजच्या आदल्या रात्री अडणारी टेस्ट दुरुस्त करण्याऐवजी तिची अटच सैल केली आणि सगळं हिरवं झालं. पण माझी चूक दुसऱ्या दिवशी मागे घेता येते. स्लॅब मागे घेता येत नाही.

मी म्हटलं, "पगार कंत्राटदार देतो, मग तू त्याला कसा अडवणार? तपासणारा बाहेरचाच हवा." तो म्हणाला, बाहेरचेही असतात. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेत गुणवत्तेचे तीन स्तर आहेत: काम राबवणारी यंत्रणा स्वतः, मग राज्याचे निरीक्षक, मग केंद्राने पाठवलेले राष्ट्रीय निरीक्षक. "पण तिघं असले की प्रत्येकाला वाटतं, उरलेले दोघं आहेतच की. आणि साहेब येतात तेव्हा सळई काँक्रीटच्या पोटात गेलेली असते."

इथे माझा मुद्दा ढिला पडला. काम झाकलं जाण्याआधीचा तासभरच खरा तपासणीचा असतो आणि त्या तासाला तिथे बहुतेक वेळा कंत्राटदाराचाच माणूस उभा असतो. म्हणून प्रश्न त्याच्यापाशीच येऊन थांबतो: मीठ एकाचं खायचं आणि बांधिलकी पुलावरून जाणाऱ्या अनोळखी माणसाशी ठेवायची, हे जमावं कसं?

मित्राने एकदा जमवलं होतं. एका स्लॅबला कव्हर ब्लॉक लावलेच नव्हते, सळया थेट शटरिंगवर टेकल्या होत्या. तशाच राहिल्या तर त्यांच्याखाली काँक्रीटचं पांघरूण राहत नाही आणि गंज धरतो. काँक्रीटची गाडी दारात उभी होती. त्याने काम थांबवलं, सळया उचलायला लावल्या, शिव्या खाल्ल्या. त्याच स्लॅबच्या क्यूबवर मात्र नेहमीसारखी सही केली.

घरी कर्जाचे हप्ते असणाऱ्या माणसाने रोज हुतात्मा व्हावं, असं मी सांगणार नाही. तरी ती सही मला साधी तडजोड वाटत नाही. त्या दिवशी सुपरवायझर त्याला म्हणाला होता, "इतकी वर्षं सगळे क्यूब पास आहेत, आजच काय झालं?" याला उत्तर नव्हतं. प्रत्येक खोट्या पाससोबत त्याने स्वतःच्या पुढच्या नकाराचा आधार थोडा थोडा काढून घेतला होता. जिथे काहीच कधी नापास होत नाही, तिथे 'थांबा' म्हणणारा वेडा ठरतो. उद्या पुलाला तडा गेला, तर फाइल सांगेल की काँक्रीट उत्तम होतं, आणि चौकशी भलत्याच दिशेला जाईल.

हे मी त्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "मग पहिला फेल क्यूब मी लिहू?" मी लगेच 'हो' म्हणू शकलो नाही. त्या संध्याकाळी मी सैल केलेली ती टेस्ट पुन्हा घट्ट केली. ती लाल झाली. सकाळी मॅनेजरने विचारलं तेव्हा काय घडलं होतं ते सांगितलं. माझं नुकसान एका टोमण्यावर भागलं. त्याचं इतक्यात भागणार नाही, हे ठाऊक असूनही आता मला त्याला 'हो, लिही' म्हणायचं आहे.