उत्तर यंत्राचे, जाब कोणाला?

गेल्या रमजानमध्ये बीडच्या आमच्या मोहल्ल्यातील एका तरुणाने जकात मोजणारा छोटा प्रोग्राम तयार केला. संगणकाची भाषा त्याला येत नाही. संवाद साधणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेला त्याने साध्या मराठीत सांगितले की सोने, रोकड, कर्ज विचार आणि जकात किती ते सांग. यंत्राने प्रोग्राम लिहून दिला. मलाही आनंद झाला. सूरह रहमानमध्ये अल्लाहने मानवाला वाणी शिकवली, हे आपल्या उपकारांत सांगितले आहे. त्या देणगीचा हा नवा उपयोग नाजायज मानण्याचे मला कारण दिसत नाही.

मग एका भगिनीचा हिशोब आला. तीन तोळे सोने, साठ हजार रुपये रोकड, कर्ज नाही, वर्ष पूर्ण झालेले. प्रोग्रामने सांगितले, जकात लागू नाही. कारण त्याने साडेसात तोळे सोन्याचा निसाब धरला होता. केवळ सोने असते तर ते बरोबर ठरले असते. परंतु हनफी फिकहनुसार सोन्यासोबत रोकड असल्यास दोहोंची एकत्र किंमत साडेबावन्न तोळे, म्हणजे ६१२.३६ ग्रॅम चांदीच्या किमतीशी ताडून पाहतात. (शाफई बांधवांनी आपल्या उलमांना विचारावे.) जकात लागू होती. सूरह तौबाच्या ६०व्या आयतीत जकातीच्या हक्कदारांत गरीब आहेत, कर्जात अडकलेलेही आहेत. उचल घेऊन ऊसतोडीला जाणारी आपल्या जिल्ह्यातील कुटुंबे डोळ्यांसमोर आणा. बुडणार होता तो त्यांच्यासारख्यांचा हक्क.

तरुण म्हणाला, "मी कुठे लिहिले? यंत्राने लिहिले." भगिनी म्हणाली, "मला जे दिसले ते मी मानले." मग कयामतच्या दिवशी उभे कोण राहणार?

हे यंत्र अफाट लिखाणावरून शिकते आणि पुढे कोणता शब्द येणे संभवते हे पाहत वाक्य जुळवते. म्हणून त्याची चूकही ओघवत्या, आत्मविश्वासाच्या भाषेत येते. मी स्वतः खुतब्यासाठी त्याला हदीस शोधायला सांगतो. एकदा त्याने ग्रंथाचे नाव आणि क्रमांक दोन्ही दिले; ग्रंथ उघडला तर त्या क्रमांकावर दुसरीच हदीस. मुहद्दिसांनी प्रत्येक कथनामागे इस्नाद मागितली, कथन करणाऱ्याचे चारित्र्य तपासले. इमाम मालिक (रह.) यांच्यासारखे विद्वान कितीतरी प्रश्नांना "मला माहीत नाही" असे निःसंकोच उत्तर देत.

आलिमही चुकतात, असे आपण म्हणाल. खरे आहे. हदीसनुसार इज्तिहाद करूनही चुकलेल्या न्यायकर्त्याला एक सवाब मिळतो. पण तो सवाब कष्टाचा आहे, सत्य शोधताना जिवाला लागलेल्या धास्तीचा आहे. इथे यंत्राला धास्ती नाही आणि आपण कष्ट घेतले नाहीत. सूरह बनी इस्राईलची ३६वी आयत कान, डोळे आणि हृदय यांची विचारणा होईल असे बजावते. ही तिन्ही आपलीच आहेत.

तरावीहनंतर तो तरुण माझ्याजवळ बसला. आम्ही हिशोब दुरुस्त केला. कोणता निसाब धरला हे आता प्रोग्राम आधी दाखवतो. भगिनीने ईदपूर्वी जकात दिली. परंतु त्याने तो प्रोग्राम आणखी किती घरांत पाठवला होता, त्याची यादी लांब आहे. तो अजून एकेका घरी फोन करतो आहे.